बिनपायांचं बदक

चादर फाडण्याआधी आमेनवानं ती झटकली आणि कोपऱ्यातलं बदक ताखातला दिसलं. काळ्या शाईचं, नखाएवढं, बिनपायांचं. वासेत शहरात परटाकडे कपडे द्यायचे तर घरागणिक खूण लागते. शेजारणीची खूण कमळ, पलीकडच्यांची नुसती फुली, आणि ताखातनं नव्या संसारात हौसेनं बदक काढलं होतं. "अगं, याला पाय कुठायत?" असं पाशेदू, तिचा नवरा, हसत म्हणाला होता. ती म्हणाली होती, "पाय दिले की जाईल कुठंतरी." आता पाशेदू समोरच्या दगडी ओट्यावर उताणा पडला होता, खारात सुकून खजुराच्या सालीसारखा झालेला, पोट शिवलेलं, डोळ्यांच्या खोबणींत कापडाचे बोळे. बदक होतं तिथंच होतं. फक्त चादर ताखातच्या गाठोड्यातली नव्हती. ती तिच्या धाकट्या बहिणीच्या, हुनेरोच्या गाठोड्यातून निघाली होती.

"काय मऊ आहे गं मावशी ही!" आमेनवा म्हणाला. तो ताखातचा मुलगा आणि या मांडवातला गुंडाळणारा. शहरातली निम्मी मढी त्याच्या हाताखालून पश्चिमेला, मेलेल्यांच्या काठाला गेलेली. "निळा काठ बघ. ही नाही फाडत. सगळ्यांत वर घालू, शेवटी."

"जुनी आहे रे," हुनेरो म्हणाली. "पेटीच्या तळाशी होती. म्हटलं, दाजींच्या कामी येऊ दे."

मेलेल्याला घरातल्या जुन्या कापडात गुंडाळायचं, ही रीत. ज्यात माणूस झोपला, घामेजला, आजारात कण्हला, त्याच्याच पट्ट्या करायच्या. नव्या कापडातला मेलेला तिकडे परक्यासारखा पोचतो आणि ज्याच्या घरचं कापड अंगाला लागून असतं त्या घराची वाट तो विसरत नाही, असं बायका म्हणतात. म्हणून नातेवाईक आपापली गाठोडी आणतात. हुनेरोनंही आणलं. आणायलाच हवं होतं, मेहुणी ती. पण एवढ्या चादरींत तिनं नेमकी हीच आणली. खूण घालवायला तिनं ती चोळली असणार, वाळूनं, राखेनं, काय काय करून. बदकाभोवतालचं कापड विरून जाळीसारखं झालं होतं, बदक गेलं नव्हतं. ती शाई ताखातनं काजळीत डिंक घालून स्वतः कालवली होती. ती काही लेच्यापेच्या हाताची नव्हती.

मांडवात राळेचा धूर होता, खाराची कोरडी चव जिभेवर बसत होती, आणि म्हातारा केन्ना, या मांडवाचा मुख्य, कोल्ह्याचं मातीचं मुंडकं डोक्यावरून काढून वारा घेत होता. मंत्र म्हणताना ते घालावं लागतं, तेवढा वेळ तो अनुबिस देव असतो. "या कुत्र्याच्या तोंडात जीव जातो माझा," तो म्हणाला. "देवाचं बरं आहे, त्याचं मुंडकं जन्माचंच. आमेनवा, तुझा बाप जिवंतपणी जेवढा जड होता तेवढाच मेल्यावर आहे बघ. खारात एवढा मुरवला तरी हलका होईना. कोठारावरचा मुकादम ना! पोटात गहू राहिले असतील." कुणीतरी हसलं. आमेनवाही हसला. ताखातनं हुनेरोकडे पाहिलं. हुनेरो चादरीकडे पाहत नव्हती. दुसरीकडे कुठंही पाहत होती, पण चादरीकडे नाही, आणि तेवढ्यावरनं ताखातला सगळं कळलं. बाईला कळायला काय लागतं? धाड म्हणून नाही कळत. घरात साप आहे हे जसं आधी पायाला कळतं आणि मग डोळ्याला, तसं कळतं.

ही चादर हरवली तो पुराचा काळ होता. पाणी पायऱ्यांपर्यंत आलेलं, डास, सगळीकडे चिखलाचा गोड वास. ताखात तेव्हा माहेरी होती, म्हाताऱ्या बापाच्या उशाशी. परत आली तर चादर नाही. लग्नातली, आईनं मागावर बसून विणलेली, निळ्या काठाची. तिनं सगळं घर उपसलं आणि मग संशय इपूवर गेला. इपू परीट. गरिबावर संशय घ्यायला कारण लागत नाही, तो दारात उभा असला की पुरे. पाशेदूनं कोठारातले दोन गडी बोलावले आणि इपूला अंगणात पालथा पाडून खजुराच्या फोकांनी त्याच्या तळव्यांवर मारायला लावलं. इपू ओरडत होता, "बाई, मी नाही, बाई, माझ्या पोरांची शपथ." ताखात उंबऱ्यात उभी होती आणि तिला वाटत होतं की आता बास करावं, आणि ती म्हणाली, "खोटं बोलतोय." हुनेरो तिच्या शेजारी उभी होती. हुनेरोनंच मग तिला पाणी आणून दिलं होतं. थंड, नव्या मडक्यातलं. "अक्का, बस जरा." किती माया वाटली होती तेव्हा तिला बहिणीची! आणि पाशेदू खांबाला टेकून बघत होता. चादर कुठं आहे हे त्याला माहीत होतं. कुणाच्या पेटीत, कुठल्या डागांसकट, सगळं माहीत होतं, आणि तो गड्यांना म्हणाला, "हाणा." इपूचे पाय परत सरळ झाले नाहीत. पण धुणं सुटलं नाही. परटानं दुसरं काय करायचं? त्याच साली पाणी ओसरताना मगरीनं त्याला घाटावरून ओढला. बाकीचे परीट पळाले. त्याला पळता आलं नाही. त्याचं काही सापडलं नाही, म्हणजे गुंडाळायला काही नाही, म्हणजे पश्चिमेला कुणी नाही. असा माणूस या जगातून नुसता पुसला जातो, चादरीवरच्या खुणेसारखा. आणि खूण तरी राहिली होती.

आणि नंतर आमेनवा जन्मला. हुनेरोच्या पोटी. हुनेरोचा नवरा नावाडी, वर्षातून कधीतरी उत्तरेकडून यायचा, मासळीचा वास आणि दारू घेऊन. त्यामुळे पोर कुणाचं हे कुणी विचारलं नाही. मग नावाडी बुडाला. ताखातची कूस तोवर कोरडीच होती. एका सकाळी हुनेरो पोराला घेऊन आली आणि तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "अक्का, तुझी मांडी रिकामी, माझा हात रिकामा. तू वाढव." ताखातनं बहिणीचे पाय धरले होते. धाकट्या बहिणीचे पाय! जन्मभर ती त्या उपकाराखाली वाकून राहिली, सणाला पहिलं ताट हुनेरोकडे, नवं कापड आधी हुनेरोला, आणि पाशेदू म्हणायचा, "तुझं बहिणीवर फार प्रेम." म्हणत असताना त्याचा चेहरा कसा असायचा? तिला आठवेना. ती आता ओट्यावरच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि त्यावर काही उरलं नव्हतं. मग तिनं आमेनवाकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या. खाली चिकटलेल्या, पाशेदूसारख्या. इतकी वर्षं ती म्हणत आली होती की वाढवलेलं पोर वाढवणाऱ्यासारखं दिसायला लागतं.

त्यांची आई दोघींना एका चटईवर निजवून गोष्ट सांगायची, सगळ्यांच्या आया सांगतात तीच. ओसिरिस राजा, इसिस त्याची राणी आणि बहीण, आणि धाकटी नेफ्थिस. नेफ्थिसनं एकदा इसिसचं अत्तर लावलं आणि अंधारात ओसिरिसकडे गेली. त्यानं ओळखलं नाही म्हणे. सगळ्याच नवऱ्यांना अंधारात ओळखता येत नाही, देव असोत की मुकादम. मग नेफ्थिसला पोर झालं, तिनं ते टाकलं, इसिसनं कुत्री सोडून शोधून आणलं आणि वाढवलं, तोच अनुबिस. पुढं ओसिरिस मेला तेव्हा त्याच पोरानं त्याला गुंडाळलं आणि दोघी बहिणी घारी होऊन त्याच्यावर रडल्या. "आणि इसिसला राग नाही आला?" लहानग्या ताखातनं विचारलं होतं. आई जांभई देत म्हणाली, "राग येऊन काय करील? नवरा मेलेला. मग बहीणच उरते." हुनेरो अंधारातून म्हणाली होती, "मला इसिस व्हायचंय." "तू धाकटी, तू नेफ्थिस." हुनेरो रडली होती. रडली म्हणून ताखातनं तिला आपली लाकडी बाहुली दिली होती. ती सुद्धा परत आली नाही.

देवांना परवडतं. इसिसनं क्षमा केली, कारण तिच्याकडे मंत्र होते, राज्य होतं, पुढं स्वतःचं पोर होतं, आणि हजारो वर्षं लोक तिच्या पाया पडणार होते. क्षमा ही पोट भरलेल्यानं करायची गोष्ट. ताखातकडे काय होतं? कमरेच्या गाठीत एक भुंगा होता.

हिरव्या दगडाचा, तळहाताएवढा, पोटावर अक्षरं कोरलेला. आतडी, यकृत, फुप्फुसं बरण्यांत जातात. काळीज तेवढं माणसाच्या आत ठेवतात, कारण तिकडे काम त्याचंच असतं. न्यायाच्या दालनात ते तराजूत पडतं, समोरच्या पारड्यात पीस, आणि काळीज बोलायला लागतं. जन्मभर छातीत गप्प बसलेलं, सगळं बघितलेलं. ते जड झालं तर खाली गिळणारी बसलेली असते, तोंड मगरीचं, पुढून सिंहीण, मागून पाणघोडी. तिनं गिळलं की दुसरं मरण. त्यानंतर काहीही नाही, ना शेतं, ना भाकर, ना नाव. म्हणून छातीवर भुंगा ठेवतात. त्याच्या पोटावरची अक्षरं काळजाला विनवतात की बाबा रे, माझ्या विरोधात बोलू नकोस. देवांसमोर लाच चालत नाही, पण साक्षीदाराच्या तोंडात बोळा चालतो. पाशेदूनं तो दगड स्वतः निवडला होता, वर्षभर आधी, चांगला धडधाकट असताना. तेव्हा ती थट्टेनं म्हणाली होती, "एवढी कसली घाई? असं काय बोलणाराय तुमचं काळीज?" तो म्हणाला होता, "बहिणी, काळजाचा काय भरवसा!" बायकोला बहीण म्हणायची इथली रीत. तिला आज त्या हाकेची शिसारी आली.

"चला, छाती," केन्ना म्हणाला आणि मुंडकं परत चढवलं. आतून त्याचा आवाज रांजणातून आल्यासारखा आला. "भुंगा आणा."

आमेनवानं हात पुढं केला. "आई, भुंगा?"

ताखातचा हात गाठीपाशी गेला. दगड कमरेच्या उबेनं गरम झाला होता. ती देणार होती. नंतरही तिला हे नक्की आठवत राहिलं की त्या क्षणी ती देणारच होती, कारण जन्मभर ती देतच आली होती. मग तिची नजर घडी घातलेल्या चादरीवर गेली.

"नाही आणला," ती म्हणाली.

"नाही आणला म्हणजे? विसरलीस? मी पळत जाऊन..."

"विसरले नाही. तुझ्या बापाला भुंगा लागत नाही." तिचा आवाज मांडवाच्या दारापर्यंत गेला. तिथं भावकी बसली होती, कोठारातली माणसं होती, भाड्यानं आणलेल्या रडणाऱ्या बायका कांदा-भाकर खात होत्या. "ज्याच्या मनात पाप त्यानं काळजाला बोळा कोंबावा. माझ्या नवऱ्याचं काळीज बोलू दे की! बोलेल ते चांगलंच बोलेल. मला भरवसा आहे."

केन्नाचं मुंडकं हललं. "बाई, हे भलतंच. भुंग्याशिवाय मी राजाचा नातेवाईक पण नाही गुंडाळला."

"राजाच्या नातेवाइकांना लागत असेल."

दारातून हुंकार आले. कुणीतरी म्हणालं, "वा गं बाई! याला म्हणतात बायको." रडणाऱ्या बायकांतली एक म्हणाली, "माझा असता तर मी दोन भुंगे ठेवले असते, वर पाटा." आमेनवाचे डोळे भरून आले होते. तो आईकडे असा बघत होता जसा कधी लहानपणी बघायचा, ताप उतरल्यावर. ताखातनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती हुनेरोकडे बघत होती.

हुनेरोचा रंग उतरला होता. तिला बोलायचं तर एकच वाक्य पुरे होतं: अक्का, भुंगा घाल. बस. पण ते वाक्य म्हटलं की सगळे वळून विचारणार, का गं? तुला काय माहीत त्याच्या काळजातलं? आणि मग चादर, मग पोर, मग अंगणात पालथा पडलेला परीट. ताखात वाट बघत होती. बोल. एवढं प्रेम होतं ना? चोळून चोळून चादर विरली तरी टाकली नाहीस, पेटीत ठेवलीस, आज त्याच्या अंगावर घालायला आणलीस, त्यानं तिकडून तुझ्या घरची वाट धरावी म्हणून. तर मग बोल. तो चालला गिळणारीच्या तोंडात. तू बोललीस तर मी हा दगड या क्षणी काढून त्याच्या छातीवर ठेवीन, आई शपथ ठेवीन, आणि तुमच्या दोघांच्या मधून उठून जाईन. आणि मनात हे म्हणताना तिच्या लक्षात आलं की ही धमकी नाही, ती विनवते आहे. तिला हवं होतं की हुनेरोनं बोलावं. कुणीतरी, कधीतरी, या माणसासाठी काहीतरी जाळलं असं व्हावं. निदान जिच्यासाठी तिचा संसार नासला ती गोष्ट तेवढ्या मोलाची तरी असावी.

हुनेरो खाली वाकली आणि पट्ट्यांचा एक गुंडा उचलून आमेनवाच्या हातात दिला. "घे बाळा," ती म्हणाली. "राळ सुकतेय."

झालं. आमेनवानं पहिली पट्टी छातीवरून ओढली. दुसरी. तो सुरेख गुंडाळायचा, प्रत्येक थर आधीच्या थराच्या अर्ध्यावर. ताखातला वाटलं आता थांबवावं. अजून थांबवता येईल. अजूनही. मग छाती दिसेनाशी झाली. शेवटी निळ्या काठाची चादर आली आणि नेमकं बदक छातीच्या मध्यावर बसलं, जिथं भुंगा असायचा तिथं. आमेनवानं ते तळहातानं सपाट केलं. खूण त्याच्या ओळखीची होती, घरातल्या सगळ्या कपड्यांवर तीच. त्याला त्यात काही वेगळं दिसलंच नाही.

पश्चिमेला न्यायच्या दिवशी वारा पडला होता. नावेत शवपेटीच्या पायांशी इसिस बसते आणि डोक्याशी नेफ्थिस. म्हणजे बायको आणि जवळची दुसरी कुणी. केस मोकळे, छातीला राख. दोघी बहिणींचा सूर लहानपणापासून जुळायचा, आवाज कुठला कुणाचा ते आईलाही कळायचं नाही. ये, आपल्या घरी ये, असं ताखात ओढायची आणि तोडलेल्या जागी हुनेरो उचलायची, तुझ्या घरी ये. काठावर लोक थांबले होते. मधल्या श्वासाला हुनेरो पेटीवर वाकली, जशी रडताना वाकतात, आणि ओठ न हलवता म्हणाली, "भुंगा तुझ्या कमरेला आहे. परवा वाकलीस तेव्हा दिसला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी का नाही दिलास?"

"इपूच्या वेळीही बोलली नाहीस."

"तू तर बोललीस, अक्का. 'खोटं बोलतोय' कोण म्हणालं?"

ये, आपल्या घरी ये. तुझ्या घरी ये. पाण्यात वल्ह्यांचा आवाज. मग परत हुनेरो, आणि या वेळी तिच्या आवाजात खरंच पाणी होतं, "दे तो मला. त्याचं काय व्हायचं ते झालं. मला कोण करून देणार तसला? माझं काळीज तेच सगळं सांगेल. दे ना, अक्का. तू नेहमी देतेस."

ताखातनं गाठ सोडली. दगड हातात घेतला, हुनेरोला नीट दिसेल असा धरला, आणि छाती बडवायला उगारलेला हात नावेच्या कडेबाहेर नेऊन मूठ उघडली. आवाजसुद्धा झाला नाही. हुनेरोच्या तोंडून जी किंकाळी निघाली तसली किंकाळी काठावरच्या लोकांनी कधी ऐकली नव्हती. बायकांच्या डोळ्यांना धार लागली. "सख्ख्या नेफ्थिससारखी रडते हो," कुणीतरी म्हणालं.

थडग्याच्या दारात पेटी उभी केली. आमेनवानं तासणीचं पातं पेटीवरच्या रंगवलेल्या ओठांना लावलं. हे मुलानंच करायचं, त्यानं तोंड उघडतं, मेलेला परत खातो, पितो, बोलतो. "बाबा, तुमचं तोंड उघडलं," तो म्हणाला. "बोला." सगळे क्षणभर गप्प झाले, रीतच आहे ती. ताखात पेटीच्या पायांना मिठी मारून बसली होती आणि त्या शांततेत तिला एकदम भीती वाटली की तो बोलेल. इथंच. तराजूपर्यंत न थांबता, पोराच्या तोंडावर, तू कुणाचा ते. मग ती ओरडायला लागली. सूर नाही, शब्द नाहीत, नुसती ओरडत राहिली, त्याच्या आवाजावर आपला आवाज घालत, चौघींनी धरून उठवेपर्यंत.

मग बाहेर सावलीत पंगत बसली. भाजलेली बदकं, जवाची दारू, अंजिरं. दार लिंपून झालं होतं. केन्ना आपलं मुंडकं मांडीवर घेऊन त्याच्या कानात बोटं घालत बसला होता. आमेनवानं दोन वाडगे चढवले आणि उठून उभा राहिला, डोळे लाल, चेहरा उजळलेला.

"ऐका," तो म्हणाला. "मी आजवर किती माणसं गुंडाळली. सगळ्यांना भुंगा. मोठमोठ्या अंमलदारांना भुंगा, पुजाऱ्यांना तर दोन-दोन. भुंग्याशिवाय जाणारा एकच माणूस मी बघितला, माझा बाप. का? कारण माझ्या आईला माहीत होतं." तो ताखातकडे वळला. "आई, तुझी वेळ येईल, देव करो उशिरा येवो, तेव्हा मीच गुंडाळीन तुला. माझ्या हातानं. आणि केन्नाकाका काही म्हणोत, देशातला सगळ्यांत चांगला भुंगा कुणी आणून दिला तरी तुझ्या छातीवर मी तो ठेवणार नाही. अनुबिसची शपथ! आपल्या घरात लागत नाही तो."

लोकांनी वाडगे उचलले. "शाब्बास रे पोरा," कोठारातला एक जण म्हणाला. ताखातच्या तोंडात बदकाचा घास होता. तिला काहीतरी म्हणायचं होतं. अरे, रीत असते. अरे, माझ्यासाठी एक सांगून ठेव, साधासा. पण म्हटलं की सगळे वळून विचारणार, का गं?

तिनं समोर पाहिलं. हुनेरो बदकाची तंगडी सोलत बसली होती. राख अजून छातीला होती, डोळे सुजलेले. तिनं हाड चोखून बाजूला ठेवलं, बोटं चाटली आणि आमेनवाकडे बघून मायेनं मान हलवली.

"खरंय बाळा," ती म्हणाली. "तुझ्या आईला कशाला लागतोय!"

ताखात घास चावत राहिली.